मोटारगाड्यांच्या माहेरीं

इंग्लंडांतून परत आलेल्या मनुष्यानें लंडनचें वर्णन करावें. टेम्स नदी, पार्लमेंटची इमारत व राजवाड्यावरील पहारा यांविषयीं चार शब्द लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. ती अपेक्षा आमच्या हातून पुरी व्हावयाची नाहीं. लंडन आम्हीं पाहिलें तें विमानांतून उतरून मोटारींत बसेपर्यंत जेवढें दिसलें तेवढेंच. आमचे सहा आठवडे गेले ते इंग्लंडच्या मध्यभागीं, कॉव्हेंट्री व बर्मिंगहॅम या दोन शहरांच्या आसपास. आणि तेथें जें पाहिलें तें प्रेक्षणीय म्हणतां येईल कीं नाहीं याची शंकाच आहे. कारण पूर्वी जेथें कांहीं होतें व आतां नाहीं, अशाच जागा त्यांत फार. तथापि त्या जागा पाहून मनांत जे विचार आले ते घरांतील वडीलधाऱ्यांनीं व कारखान्यांत नोकरीस लागलेल्या तरुणांनीं एकत्र बसून वाचावे, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमचा पुतण्या गेलीं सात वर्षें कॉव्हेंट्रीस असतो. शिक्षणानें तो यंत्रशास्त्राचा पदवीधर. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका लहानशा कारखान्यांत त्याची नोकरी, आणि त्या कारखान्याचा बहुतेक माल जाग्वार लँड रोव्हर कंपनीस जातो. ही कंपनी २००८ सालापासून आपल्या टाटांची. आम्ही तेथें पोहोंचलों तो २०२५ च्या सप्टेंबरचा दुसरा आठवडा. वार बुधवार, सकाळचे दहा वाजलेले. दार उघडावयास सूनबाई येईल अशी आमची समजूत, तों खुद्द पुतण्याच पुढें झाला. "आज सुटी काढलीस वाटतें?" असें आम्हीं विचारलें. "मीं नाहीं काढली काका, कारखान्यानेंच दिली," असें म्हणून तो हंसला. पण त्या हंसण्यांत जीव नव्हता.

हकीकत अशी कीं, कोणा चोरट्यांनीं दूर कोठें तरी बसून कंपनीच्या संगणकव्यवस्थेंत शिरकाव केला होता, आणि त्यामुळें १ सप्टेंबरपासून सॉलिहल, हेलवुड व वुल्व्हरहॅम्प्टन येथील कारखान्यांचीं यंत्रें बंद पडलीं होतीं. कंपनीच्या पगारपत्रकावर त्या देशांत सुमारें ३४,००० माणसें. पण तिला माल पुरविणाऱ्या साखळींत सुमारें १,२०,०००. विहिरीवरची मोट थांबली कीं पाटाच्या शेवटच्या वाफ्यास आधीं कोरड पडते, तशी पुतण्याच्या कारखान्याची गत झाली होती. सूनबाईनें चेहऱ्यावर कांहीं दाखविलें नाहीं. मात्र घराच्या कर्जाचा हप्ता किती तारखेस जातो हें त्यांच्या सात वर्षांच्या मुलीलाही पाठ झालेलें पाहून आम्ही काय तें समजलों. पुतण्याच्या या सक्तीच्या सुटीचाच लाभ घेऊन आम्हीं तो प्रदेश पाहिला, हें लिहितांना संकोच वाटतो. पण घरांत बसून त्याचा जीव रमत नव्हता, आणि आम्हांस हिंडविण्यांत त्याचा वेळ तरी जात होता.

कॉव्हेंट्री शहर आपल्याकडील लोकांस फारसें परिचित नाहीं. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं त्यावर अशी बाँबवृष्टि केली कीं शहराचा मध्यभाग जळून गेला. जुन्या कॅथीड्रलच्या छप्पर नसलेल्या भिंती आजही तशाच राखल्या असून त्यांना लागूनच १९६२ सालीं उघडलेलें नवें कॅथीड्रल आहे. बाँब पडले ते उगीच नव्हेत. हें गांव यंत्रांचें होतें. प्रथम घड्याळें, मग शिवणयंत्रें, मग सायकली आणि शेवटीं मोटारी व विमानांचीं इंजिनें, असा येथील कारागिरीचा क्रम. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली नांवाच्या गृहस्थानें जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीनें मागचें चाक फिरविणारी सायकल येथें तयार केली. तिचें नांव 'रोव्हर', म्हणजे भटक्या. आपल्या अंगणांत उभी असलेली सायकल ही तिचीच वंशज. आणि पोलंडच्या भाषेंत सायकलीस अद्याप 'रोवर' असेंच म्हणतात. मूळ वस्तु नाहींशी झाली तरी शब्द मागें उरतो, हा अनुभव संस्कृत शिकविणाऱ्यास नवा नाहीं. कारखान्यांच्या नांवांसही तोच नियम लागू आहे, हें मात्र आम्हांस येथें कळलें.

शहराच्या मध्यवस्तींत वाहनांचें मोठें संग्रहालय आहे. तेथें एकेका गाडीपुढील पाटी वाचतांना आम्हांस परक्या देशांत असल्यासारखें वाटेना. स्टँडर्ड कंपनी येथली. तिच्याच नांवाची 'हेरल्ड' गाडी मद्रासेस तयार होऊन आपल्याकडील डॉक्टर-वकिलांच्या दारांत उभी असे. आपली अँबॅसडर म्हणजे ऑक्सफर्डजवळील काउली येथें जन्मलेल्या 'मॉरिस ऑक्सफर्ड' गाडीची पाठची बहीण. आणि एस. टी. च्या कित्येक लाल गाड्यांच्या तोंडावर आपण जो 'लेलँड' शब्द वाचीत आलों, तें लँकेशायर परगण्यांतील एका गांवाचें नांव! ज्या बलाढ्य ब्रिटिश लेलँड कंपनीनें तें नांव जगभर नेलें ती कंपनी कधींच विलयास गेली. लेलँड गांवांतील मालमोटारींचा कारखाना आज एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचा आहे. पण अशोक लेलँड हें नांव आपल्या रस्त्यांवर अजून धांवतें आहे. माहेरचें घर मोडलें आणि लेक सासरीं सुखानें नांदते आहे, असा हा प्रकार.

पुतण्याच्या शेजारीं एक वृद्ध इंग्रज गृहस्थ राहतात. वय पंचाहत्तरीच्या घरांत, पत्नी निवर्तलेली, बागेची हौस. आम्ही दोघेही निवृत्त, दोघांसही पहांटे उठण्याची संवय; कुंपणावरून गोष्टी सुरू झाल्या आणि चार दिवसांत ओळख जमली. यांनीं एकतीस वर्षें लाँगब्रिजच्या कारखान्यांत काढलीं होतीं. "तुम्हांस मोटारींचें गांव पाहावयाचें आहे ना? मग जें राहिलें नाहीं तेंही पाहा," असें म्हणून त्यांनीं एके दिवशीं आम्हां दोघांस बरोबर घेतलें. कॉव्हेंट्रीहून आगगाडीनें बर्मिंगहॅम, आणि तेथून दुसऱ्या गाडीनें दक्षिणेस लाँगब्रिज. बरोबर चहाचा थर्मास आणि सूनबाईनें दिलेलीं थालिपीठें.

स्टेशनाबाहेर येतांच आम्हीं कारखाना शोधूं लागलों. समोर दिसलीं तीं मोठमोठीं दुकानें, एक महाविद्यालय, नव्या घरांच्या ओळी आणि 'ऑस्टिन पार्क' नांवाचा टापटिपीचा बगीचा. "तुम्ही कारखान्यांतच उभे आहांत," असें ते गृहस्थ शांतपणें म्हणाले. बागेच्या नांवांत जो ऑस्टिन आहे, त्या हर्बर्ट ऑस्टिननें १९०५ सालीं येथील एका ओसाड छापखान्याची इमारत घेऊन मोटारी बनविण्यास आरंभ केला. १९२२ सालीं त्यानें 'ऑस्टिन सेव्हन' ही लहान गाडी काढली व मध्यम स्थितींतील इंग्रज कुटुंब प्रथमच स्वतःच्या मोटारींत बसलें. पुढें १९५९ सालीं अलेक इसिगोनिस या कल्पक यंत्रज्ञाची 'मिनी' निघाली. इंजिन आडवें बसवून दहा फुटी गाडींत चार माणसांस ऐसपैस जागा करून देण्याची त्याची युक्ति पुढें साऱ्या जगानें उचलली.

मग असें वैभव लयास कसें गेलें? त्या बागेंतल्या बांकावर बसून शेजाऱ्यांनीं जें सांगितलें, व पुढें आम्हीं जें वाचून ताडून पाहिलें, त्याचा सारांश असा. १९५२ सालीं ऑस्टिन व मॉरिस या दोन प्रतिस्पर्धी घराण्यांचा एक संसार करण्यांत आला. १९६६ सालीं त्यांत जाग्वार आली. १९६८ सालीं लेलँडशीं जोड होऊन ब्रिटिश लेलँड हें अवाढव्य कुटुंब उभें राहिलें. पण एकत्र कुटुंब म्हणजे एका छपराखालीं दहा चुली नव्हेत, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. त्या घरांत चुली वेगळ्याच राहिल्या. एका भावाच्या गाडीनें दुसऱ्या भावाचें गिऱ्हाईक तोडावें असा व्यवहार चालला. यंत्रें जुनीं झालीं, मालाची प्रतिष्ठा ढळली, मालक व मजूर यांच्यांत रोजचा झगडा. हिशेबाची तर अशी स्थिति कीं, फोर्ड कंपनीच्या तज्ज्ञांनीं एक मिनी विकत घेऊन तिचा खिळान् खिळा सुटा केला, किंमत मांडली, आणि ही गाडी तोट्यांत विकली जात आहे असा निष्कर्ष काढला!

१९७४ च्या अखेरीस कंपनीस सरकारच्या दारीं जावें लागलें. १९७५ सालीं लॉर्ड रायडर यांच्या समितीनें अहवाल दिला आणि सरकार त्या कंपनीचें मालकच झालें. उद्देश वाईट नव्हता. एवढीं माणसें एकदम रस्त्यावर कशीं येऊं द्यावयाचीं? पण पैसा आला तो आधीं जुनीं भोंकें बुजविण्यांत गेला. १९७७ सालीं आलेले मायकेल एडवर्ड्स यांनीं कारखाने बंद करून व माणसें कमी करून डाव सावरण्याचा यत्न केला. १९७९ सालीं लाँगब्रिजचे कामगार-पुढारी डेरेक रॉबिन्सन यांस काढून टाकण्यांत आलें, तेव्हांच्या सभा जेथें भरल्या तें कॉफ्टन पार्कचें मैदान रस्त्यापलीकडेच आहे. आमचे शेजारी त्या सभांस हजर होते. दोष कोणाचा असें आम्हीं विचारलें. थोडा वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "तेव्हां मला वाटे, सगळा दोष त्यांचा. आतां वाटतें, आम्हीही निष्पाप नव्हतों. पण घरांतलीं माणसें भांडत असतां स्वयंपाक कोण करतो आहे, तें कोणीच पाहिलें नाहीं."

त्यापुढची कथा विक्रीची. १९८८ सालीं सरकारनें ही मालमत्ता १५ कोटी पौंडांस एका विमान कंपनीस विकली. १९९४ सालीं तीच ८० कोटींस जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें घेतली. जर्मनांसही ती पेलेना. २००० सालीं त्यांनीं वांटणी केली: लँड रोव्हर १८५ कोटी पौंडांस फोर्डला, मिनी स्वतःकडे, आणि लाँगब्रिजचा कारखाना एका स्थानिक मंडळीस अवघ्या १० पौंडांस. दहा पौंड! त्या दिवशीं आम्हीं तिघांनीं स्टेशनांत जी कॉफी घेतली तिचें बिल याहून फार कमी नव्हतें.

"त्या वेळीं आम्ही आनंदानें नाचलों," शेजारी म्हणाले. "मालक पुन्हां इंग्रज झाला होता." मग थोडें थांबून त्यांनीं आम्हांस विचारलें, "तुम्ही पुण्याकडचे ना? आमची शेवटची नवी गाडी कोठून आली ठाऊक आहे?"

पुतण्यास ठाऊक होतें, आम्हांस नव्हतें. नवें मॉडेल स्वतः तयार करण्यास त्या कंपनीपाशीं पैसा उरला नव्हता. तेव्हां २००३ सालीं पुण्यास टाटांच्या कारखान्यांत तयार होणारी इंडिका गाडी जहाजानें मागवून, किरकोळ फेरफार करून, 'सिटी रोव्हर' या नांवानें तिची विक्री सुरू झाली. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या सायकलीस दिलेलें नांव पिंपरीच्या मोटारीस लागलें! एखाद्या अभिमानी पुणेकरास हें ऐकून छाती फुगवावीशी वाटेल, आणि खरें सांगावयाचें तर क्षणभर आमचीही फुगली. पण समोरच्या वृद्धाचा चेहरा पाहून ती तशीच खालीं बसली. ज्या कारखान्यानें मिनी जगास दिली त्यानें शेवटीं दुसऱ्याच्या मुलीस आपलें नांव देऊन उभी करावी, यांत आनंद कसला? गाडी महाग ठेविली होती. लोकांनीं ती फारशी घेतली नाहीं.

एप्रिल २००५ मध्यें चीनच्या शांघाय येथील कंपनीशीं चाललेलीं बोलणीं फिसकटलीं. सरकारनें कामगारांचा एक आठवड्याचा पगार भागावा म्हणून ६५ लाख पौंडांचें कर्ज दिलें. आठवडा संपला, नवा मालक आला नाहीं, आणि सुमारें ६,००० माणसें घरीं गेलीं. तीस वर्षांपूर्वीं जें सरकार सर्वस्वाचें मालक झालें होतें, त्याच्या दातृत्वाची मजल शेवटीं सात दिवसांवर आली. पुढें यंत्रें व 'एम. जी.' हें नांव चिन्यांकडे गेलें. लाँगब्रिजला थोडीबहुत जुळणी पुन्हां सुरू झाली, ती २०१६ सालीं थांबली. त्या नांवाच्या गाड्या २०१९ पासून आपल्याकडेही विकल्या जातात, आणि घेणाऱ्यांपैकीं कित्येकांस ती खास इंग्रजी गाडी वाटते. 'रोव्हर' नांवाची गोष्ट तर याहून चमत्कारिक. चिन्यांस तें हवें होतें, पण तें फोर्डनें घेतलें आणि २००८ सालीं जाग्वार-लँड रोव्हरबरोबर टाटांच्या पदरांत पडलें. म्हणजे त्या सायकलवाल्याचें नांव आज आपल्याच एका उद्योगगृहाच्या तिजोरींत आहे.

परततांना शेजाऱ्यांनीं जें वाक्य उच्चारलें तें आम्हीं त्या रात्रीं टिपून ठेविलें. ते म्हणाले, "मालक कोणत्या देशाचा हें आम्ही कामगार पुढें पुढें विचारीनासे झालों. आम्ही एकच विचारीत असूं: नवी गाडी केव्हां येणार?"

या एका प्रश्नाची कसोटी हातीं घेऊन आम्हीं त्या प्रदेशांतील बाकीचीं ठिकाणें पाहिलीं, आणि ती कोठेंही फसली नाहीं. कॉव्हेंट्रीबाहेर रायटन म्हणून गांव आहे. तेथील कारखाना अमेरिकन क्रायस्लर कंपनीचा. १९७५ सालीं ती ब्रिटन सोडूं लागली तेव्हां सरकारनें सुमारें १६ कोटी पौंड देऊन तिला थांबविलें. तीनच वर्षांनीं तिनें सारें चंबूगवाळें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीस विकलें, आणि प्यूजोनें २००६ सालीं रायटनचा दरवाजा लावला. आज त्या जागीं गोदामें आहेत. दूर राहणाऱ्या मालकास अडचण आली कीं तो आधीं लांबचें घर मोडतो, जवळचें राखतो. हा मनुष्यस्वभाव आहे. उलट काउली पाहा. तेथील मालक जर्मन. पण त्यानें २००१ सालीं नवी मिनी काढली, कारखान्यांत पैसा ओतला, आणि विल्यम मॉरिसच्या त्या गांवांत गाड्या अजून तयार होत आहेत. दोन्हीकडे मालक परकाच; एकानें नवी गाडी दिली, दुसऱ्यानें दिली नाहीं.

आतां आमच्या पुतण्याच्या अन्नदात्याकडे वळूं. जाग्वार ही विल्यम लायन्स यांची निर्मिति. मोटरसायकलींस जोडावयाच्या साइडकार बनवितां बनवितां ते १९२८ सालीं कॉव्हेंट्रीस आले. सरकारी संसारांतून ती कंपनी १९८४ सालीं वेगळी निघाली, १९८९ सालीं फोर्डनें घेतली, आणि २००८ सालीं लँड रोव्हरसह २३० कोटी डॉलरांस टाटांनीं. तो काळ किती वाईट! सहा महिन्यांच्या आंत साऱ्या जगाची पेढी बुडाल्यासारखें झालें. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या ३४ कोटी पौंडांच्या कर्जास ब्रिटिश सरकारनें हमी द्यावी म्हणून महिनोगणती बोलणीं चाललीं; अटी जुळल्या नाहींत; शेवटीं ऑगस्ट २००९ मध्यें कंपनीनें ती हमी नको म्हणून सांगितलें व बँकांकडून स्वतःच्या पतीवर पैसा उभा केला. त्यानंतर २०११ सालीं 'इव्होक' व २०१२ सालीं अॅल्युमिनियमची नवी रेंज रोव्हर आली, आणि २०१४ सालीं वुल्व्हरहॅम्प्टनला इंजिनांचा नवा कारखाना उघडला. गेडन येथें कंपनीच्या कचेरीशेजारींच ब्रिटिश मोटारींचें संग्रहालय आहे. तेथें १९५९ सालची पहिली मिनी पाहिली, जुन्या लँड रोव्हर पाहिल्या. बाहेर आलों तों समोरच्या रस्त्यावरून दोघे मराठी तरुण आपसांत बोलत चाललेले ऐकूं आले. कान सुखावले, हें कबूल केलें पाहिजे.

पण सुखावलेल्या कानांनींच दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कासल ब्रॉमिच येथील जाग्वार गाड्यांची जुळणी २०२४ सालीं संपली. त्याच सालीं वेल्समधील पोर्ट टॅलबट येथें टाटांच्याच पोलादी कारखान्याच्या झोतभट्ट्या विझल्या. विजेच्या नव्या भट्टीसाठीं ब्रिटिश सरकार ५० कोटी पौंड देत आहे, तरी हजारों माणसांचीं कामें गेलीं. भट्ट्या जुन्या होत्या, तोटा मोठा होता, हीं कारणें खोटीं नव्हेत. परंतु तेथील मजुराच्या दृष्टीनें निर्णय झाला तो मुंबईस. आजवर आपण परकीय मालकाविषयीं फिर्यादीच्या बाजूनें बोलत आलों. आतां त्या देशांत परकीय मालक आपणच. हें स्थान मानाचें खरें, पण त्या मानाबरोबर उत्तरदायित्व येतें.

सप्टेंबर सरत आला तरी कारखाने बंदच. २८ तारखेस, रविवारीं सकाळीं बातमी आली कीं, कंपनीस मिळावयाच्या १५० कोटी पौंडांच्या कर्जास ब्रिटिश सरकार जामीन राहणार. कर्ज व्यापारी बँकेचें, फेड पांच वर्षांत. सूनबाईनें पहिल्यांदाच मोकळा श्वास टाकला. पुतण्या म्हणाला, "काका, सरकारनें रोख कांहीं दिलें नाहीं, नुसता शब्द दिला." आम्हीं त्यास सांगितलें, बाबा, नुसता शब्द म्हणूं नकोस. याज्ञवल्क्यस्मृतींत जामिनास 'प्रतिभू' म्हटलें असून त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: ऋणकोस हजर करण्याची हमी देणारा, तो विश्वासू आहे अशी ग्वाही देणारा, आणि तो न देईल तर मी देईन म्हणणारा. पहिल्या दोघांचा भार त्यांच्या स्वतःपुरता. तिसऱ्याचा भार मात्र त्याच्या पुत्रांवरही जातो. सरकार हा तिसऱ्या प्रकारचा जामीन, आणि त्याचे पुत्र म्हणजे कर भरणारी प्रजा. तुझी ही सात वर्षांची मुलगीही उद्यां त्यांतच.

ही हमी योग्य होती असें आम्हांस वाटतें. घर मुळांत धड असून त्यावर दरोडा पडला, तर शेजाऱ्यानें जामीन राहणें हा धर्मच. आणि या दरोड्यानें त्या देशाचें एकंदर नुकसान सुमारें १९० कोटी पौंडांचें झालें, असा तज्ज्ञांचा अंदाज पुढें प्रसिद्ध झाला. पण १९७५ चें दुखणें निराळें होतें. तें दरोड्याचें नव्हतें, घरांतील क्षयाचें होतें. दोहोंस एकच औषध चालत नाहीं. शिवाय हमी मिळाली ती मोठ्या घरास. पाटाच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोंचावयास उशीर लागतो, अशी लहान कारखानदारांची तक्रार होतीच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत कंपनीनें माल पुरविणाऱ्यांस आगाऊ पैसे देण्याची योजना काढली, व ८ तारखेपासून यंत्रें हळूहळू फिरूं लागलीं. पुतण्यास कामावर बोलावणें आलें तें आणखी दहा दिवसांनीं. त्याच्या खात्यांतील चौदांपैकीं अकरांसच आलें.

त्या दिवशीं पहांटे तो डबा घेऊन निघाला तेव्हां शेजारी कुंपणापाशीं उभे होते. त्यांनीं त्यास हात केला, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "हमी बरी झाली. आतां त्या पैशांतून काय बनतें तें पाहावयाचें."

स्वदेशीं परततांना विमानांत आमच्या मनांत आपल्याच घरच्या गोष्टी घोळत होत्या. मोडीत निघालेली मारुति कंपनी आपल्या सरकारनें ताब्यांत घेऊन १९८१ सालीं नव्यानें उभी केली, जपानच्या सुझुकीस भागीदार केलें, आणि १९८३ सालीं खरोखरच नवी गाडी रस्त्यावर आली. पुढें २००२ सालीं बहुमत जपान्यांकडे गेलें. पण कारखाने, कसब व हजारों सुटे भाग बनविणारे येथेंच वाढले. उलट अँबॅसडर आपल्याच मालकाच्या हातीं होती, दशकानुदशकें तीच राहिली, २०१४ सालीं थांबली, आणि २०१७ सालीं तिचें नुसतें नांव ८० कोटी रुपयांस त्याच प्यूजो कंपनीनें विकत घेतलें. तळेगांवचा अमेरिकन कारखाना २०२० च्या अखेरीस बंद पडला व पुढें कोरियन कंपनीनें घेतला. मधल्या काळांत तेथील कामगारांच्या घरीं हप्त्याची तारीख कोणाकोणास पाठ झाली असेल, तें आम्ही आतां जाणतों.

तात्पर्य, नांव वांचविण्यासाठीं सरकारनें पैसा देऊं नये. नांवास मरण नसतें, तें कोणीही विकत घेऊन दुसऱ्या वस्तूस लावूं शकतो. वांचवावयाचें तें हातांतलें कसब, आणि तें वांचतें केवळ उद्यांच्या नव्या कामानें. मालक देशी असो वा परकी, दान असो वा हमी, देणाऱ्यानें आधीं लाँगब्रिजच्या त्या वृद्धाचा प्रश्न विचारावा. आणि आपलीं मुलें आज ज्या परदेशीं कारखान्यांचीं मालक, व्यवस्थापक वा नोकर म्हणून जात आहेत, त्यांनीं तो प्रश्न तेथील मजुराच्या डोळ्यांत आधींच वाचावा, एवढीच आमची विनंति. ऑस्टिन पार्कांतील तो बांक चांगला आहे, भोंवतीं फुलें आहेत, मुलें खेळतात. पण ज्या माणसानें तेथें एकतीस वर्षें गाड्या घडविल्या, त्यास आतां तेथें बसून थर्मासांतला चहा पिण्यावांचून दुसरें काम नाहीं, हें आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं.